पाचव्या मजल्यावरच्या कुत्र्याची मुलाखत

आमच्याकडे घर विकत घ्यायचं म्हटलं की नुसता पैसा असून भागत नाही. बिल्डिंगमधल्या लोकांचं एक बोर्ड असतं. ते तुम्हाला समोर बसवतात, खालीवर बघतात, नको नको ते विचारतात आणि मग ठरवतात, हे लोक आपल्यात चालतील का. कुत्रा असला तर कुत्र्यालाही बोलावतात. हसू नका, खरंच बोलावतात.

आमची मुलाखत मंगळवारी दुपारी होती. आई, हॉवर्ड, मी आणि पिकल. हॉवर्ड म्हणजे आईचा नवरा, माझा बाप नाही. पिकल म्हणजे माझा कुत्रा. बोर्डाला आई-हॉवर्डचे कागद पसंत पडले होते. अडलं होतं ते पिकलवर.

घर ट्रायबेकात, शहरातल्या जुन्या बाजारपेठेच्या भागात. जुनं गोदाम आहे, पूर्वी तिथं लोणी आणि अंडी ठेवायचे. आता एका मजल्याला एकच घर. रस्त्याकडच्या खिडक्यांपासून मागच्या खिडक्यांपर्यंत मधे भिंतच नाही, नुसते लोखंडी खांब. लिफ्टचं दार उघडलं की तुम्ही सरळ कुणाच्या तरी दिवाणखान्यात, म्हणून प्रत्येक मजल्याची किल्ली वेगळी. पाचवा मजला पहिल्यांदा बघितला तेव्हाच मला वाटलं होतं, पिकल इथं आनंदानं वेडा होईल.

"आणि बोर्ड त्याला नाही म्हणालं तर?" मी आईला विचारलं होतं.

"घर तर घ्यायचंच आहे, ओडी."

"आणि पिकल?"

"हॉवर्डच्या बहिणीकडे, व्हरमाँटला. तिचं शेत आहे. पळायला भरपूर जागा..."

"मग तूच जा ना तिकडे पळायला!"

त्यानंतर आम्ही दोन दिवस बोललो नाही.

मुलाखतीला जाताना हॉवर्डनं मला दोन गोष्टी बजावल्या. एक, भडकायचं नाही. दोन, शाळेचं विचारलं तर 'सध्या घरूनच शिकते' एवढंच म्हणायचं. मी मार्चमध्ये शाळा सोडली. मला कुणी काढलं नाही, मी सोडली. फरक आहे. पण तो बोर्डाला कळणार नाही, असं हॉवर्डचं मत.

लिफ्टमध्ये शिरलो आणि पिकल बसला. मग आडवा झाला. मग त्याची जीभ बाहेर आली.

"याला काय झालं?" मी म्हटलं.

हॉवर्ड खोकला. "मी त्याला एक गोळी दिली. डॉक्टरांचीच आहे. शांत राहावा म्हणून. चीजमध्ये घालून."

आईचा चेहरा पांढरा पडला. "कधी?"

"जेवणानंतर."

"अरे, मीपण दिली! टर्कीच्या तुकड्यात!"

"तू मला सांगायचंस ना!"

"तू सांगितलंस?"

"तुम्ही दोघं लग्न कसं काय केलंत?" मी म्हटलं. मी पिकलचं डोकं मांडीवर घेतलं. आईनं लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ती बाई म्हणाली, घाबरू नका, एवढ्या मोठ्या कुत्र्याला काही होत नाही, संध्याकाळपर्यंत झोपेल. तोवर लिफ्ट चौथ्या मजल्यावर उघडली होती आणि समोर कोचावर बसून बोर्ड आमच्याकडे बघत होतं.

बोर्ड म्हणजे दोन माणसं. मिसेस त्सांग, दुसऱ्या मजल्यावरच्या, दातांच्या डॉक्टर. आणि मिस्टर ऑर्लॉफ, अध्यक्ष. हे घर त्यांचंच. म्हणजे आमच्या बरोब्बर खालचं. म्हातारा काठीसारखा सरळ. खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी नमदा चिकटवलेला, दारांच्या कडांना रबर. आवाजाचं वावडं असलेला माणूस, मी मनात म्हटलं. मेलो आपण.

हॉवर्डनं पिकलला बटाट्याच्या पोत्यासारखं उचलून आत आणलं आणि जमिनीवर ठेवलं. पिकल घोरायला लागला.

"हा नेहमी असाच असतो?" मिसेस त्सांगनी विचारलं.

"फार शांत स्वभाव आहे," हॉवर्ड म्हणाला.

"नाव काय म्हणालात?"

"पिकल," आई म्हणाली. "अगदी गरीब कुत्रा आहे हो. असून नसल्यासारखा."

"काही शिकवलंय का त्याला? बस म्हटलं की बसतो वगैरे?"

"त्याच्याही पुढे गेलाय तो," हॉवर्ड म्हणाला आणि एकटाच हसला.

ऑर्लॉफ हसले नाहीत. ते पिकलकडे बघतच नव्हते. दर थोड्या वेळानं त्यांची नजर वर जायची. छताकडे. मागच्या खिडकीजवळ, एकाच जागी. तिथं काही नव्हतं, ना डाग, ना दिवा. तिथं खाली एक रिकामा पलंग होता, नीट चादर घातलेला.

"भुंकतो का?" त्यांनी छताकडे बघतच विचारलं.

"छे छे," हॉवर्ड म्हणाला. "कधीच नाही."

माझं डोकं सटकलं. आता काय करू, सटकतंच.

"खोटं आहे," मी म्हटलं. "भुंकतो तो. लिफ्टवर भुंकतो, छत्र्यांवर भुंकतो, हॉवर्डच्या टोपीवर तर रोज भुंकतो. तो शांत नाहीये, ह्या दोघांनी त्याला गोळ्या दिल्यात. एकानं एक, दुसरीनं एक. माझा कुत्रा असा नाहीये, आणि असा कुत्रा कुणाला आवडत असेल तर भुसा भरलेला आणा म्हणावं!"

"ओडी!" आई म्हणाली.

"आणि तुम्ही सारखं वर काय बघताय? वर आहे काय?"

हॉवर्डनं डोळे मिटले. मिसेस त्सांगनी कपाळावर हात मारला. व्हरमाँटचं शेत मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

ऑर्लॉफनी नजर खाली आणली. मग म्हणाले, "वर तुमच्या आधी जे राहायचे, त्यांचाही कुत्रा होता. गुणी होता बिचारा. भुंकायचा नाही. सकाळी ते दोघं कामावर गेले की रडायला लागायचा. दिवसभर. एवढ्या मोठ्या रिकाम्या मजल्यावर एकटा. घुमायचा तो आवाज. त्या हिवाळ्यात माझी बायको इथं पलंगावर होती. तिला उठता यायचं नाही. ती मला म्हणायची, लेव्ह, वर जा आणि त्याच्याजवळ जरा बस रे. पण माझ्याकडे त्या मजल्याची किल्ली कुठली?"

पिकल तेवढा घोरत होता.

"भुंकण्याचं मला काही नाही, मुली. मला एवढंच सांग, हा दिवसभर एकटा असतो का?"

"नाही," मी म्हटलं.

"तू शाळेत गेल्यावर?"

आईनं माझा हात दाबला. 'घरूनच शिकते.' तयारच होतं तोंडात. पण त्या माणसाला आता आणखी एक खोटं सांगायची मला लाज वाटली.

"मी शाळेत जात नाही. सोडली. घरूनबिरून पण काही शिकत नाही. सकाळी त्याला नदीवर नेते, मग घरी असते, मग परत नेते. मार्चपासून तो एक ताससुद्धा एकटा राहिलेला नाही. पुढं मी कुठं गेलेच शिकायला, तर तो कुणाजवळ राहील ते आधी ठरवीन, मग जाईन. हे ह्या दोघांना विचारू नका, ते गोळ्या देतील."

मिसेस त्सांग हसायला लागल्या. एकदा लागल्या त्या थांबेचनात. ऑर्लॉफ उठले, कष्टानं एक गुडघा टेकून पिकलजवळ बसले आणि त्याचा कान उचलून आत बघितलं, जसं टपालपेटीत काही पत्र पडलंय का बघावं.

"मला चालेल," ते म्हणाले.

"मलाही," मिसेस त्सांग डोळे पुसत म्हणाल्या. "पण नियमाप्रमाणे गालिचे घालावे लागतील हं. मजल्याचे पाचातले चार भाग झाकायचे. यांना खाली राहायचंय."

"घालतो!" हॉवर्ड ओरडलाच. "भिंतींनापण घालतो!"

"भिंती नाहीयेत," मी म्हटलं.

मी तिथंच जमिनीवर पिकलजवळ फतकल मारून बसले. आईनं मला मिठी मारली. दोन दिवसांच्या अबोल्यानंतर. तिच्या हातांना टर्कीचा वास येत होता.

लिफ्टमध्ये हॉवर्ड पिकलला खांद्यावर घेऊन उभा होता. त्याच्या कोटावर लाळ गळत होती. "भुसा भरलेला," तो म्हणाला. "बोर्डासमोर. भुसा भरलेला आणा." आणि हसून हसून त्याला ठसका लागला. मी पहिल्यांदा त्याची पाठ थोपटली.

किल्ल्या मिळाल्या तेव्हा सामान यायला अजून वेळ होता. गालिचेही आले नव्हते. मजला रिकामा, उन्हानं भरलेला. मी पिकलचा पट्टा सोडला आणि तो सुटला. रस्त्याकडच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत, खांबाला वळसा, परत रस्त्याकडे. नखांचा तो आवाज! घोडा शिरलाय म्हणावं.

आईनं फोन हातात धरला होता. "आता येईल बघ खालून फोन," ती म्हणाली. पिकलनं आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक. आम्ही दोघी फोनकडे बघत उभ्या.

फोन आला नाही.

आईनं तो खिडकीत ठेवला, बूट काढले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याच्या मागे पळत सुटली.