सासुरवाडीची बस

पोस्टमन पालथ्या बादलीवर बसला मात्र, अख्खी बराक त्याच्याभोवती गोळा झाली. दिवसभर खाणीत दगड फोडून आलेले कैदी, पण थकवा कसला अन् काय! युद्ध संपेल तेव्हा संपेल. ड्रायव्हरची बस आज सासुरवाडीला पोहोचणार होती.

बराकीचा नियमच तसा होता. गोष्ट अर्धवट टाकून कुणाला जावं लागलं, तर त्याच्या शेजारी झोपणाऱ्याने ती पुढे न्यायची. ड्रायव्हरला तापात इस्पितळात हलवलं आणि जन्मात चार वाक्यं सलग न बोललेल्या पोस्टमनच्या गळ्यात त्याची गोष्ट पडली. रुसून माहेरी गेलेल्या बायकोला आणायला एक ड्रायव्हर चालू बस, प्रवाशांसकट, तिच्या गावाकडे वळवतो!

"पेट्रोल पुरलं का?" न्हावी ओरडला.

"बसला डिझेल लागतं, अकलेच्या कांद्या!"

"गप्प बसा रे! दार उघडलं का तिनं?"

पोस्टमनला घाम फुटला. ड्रायव्हरने एकदा हळूच त्याला खरं काय ते सांगून टाकलं होतं. त्याच्या बायकोने दार उघडलंच नव्हतं. पण इथे प्रत्येकाचं कुणी ना कुणी घरी वाट बघत होतं, निदान बघत असेल अशी आशा होती. ह्यांना हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

तेवढ्यात पहारेकऱ्याने कुलूप काढून एकाला आत ढकललं. ड्रायव्हर! हाडांचा सापळा झालेला, पण जिवंत! एकच गलका झाला. न्हाव्याने तर त्याला उचलूनच घेतलं. पोस्टमनचा जीव भांड्यात पडला. तो टुणकन उठला.

"घे बाबा, सांभाळ तुझी बस."

"कुठवर आणलीस?"

"दारापर्यंत. त्यानं कडी वाजवलीय."

ड्रायव्हर बादलीकडे फिरकला नाही. न्हाव्याला जरा सरकवून तो सगळ्यांबरोबर खाली बसला.

"तूच चालव," तो म्हणाला.

पोस्टमन पुन्हा बसला. घसा खाकरून त्याने ड्रायव्हरकडे एकवार नीट पाहिलं.

"आतून पावलं वाजली," तो म्हणाला. "आणि तिनं दार उघडलं."

टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या! बाहेरून पहारेकऱ्याने काठी आपटली, तरी कुणी ऐकेना. ड्रायव्हर तेवढा गुडघ्यांना मिठी मारून पुढे झुकला होता.

"मग?" त्याने विचारलं. "काय म्हणाली?"