मोंगरीच्या ध्यानात

कय्यूमनं भाच्याचा काळा गॉगल लावला, टोपी कपाळावर ओढली अन् हत्ती कॅम्पातल्या पाहुण्यांच्या घोळक्यात घुसला.

याच कॅम्पात बावीस वर्षं तो मोंगरी हत्तीणीचा माहुत होता. दोन वर्षांआधी नाल्यावर घसरला, खुबा मोडला, नोकरी गेली. तवापासून गोंडपिपरीत भाच्याच्या, जुबेरच्या, चपलेच्या दुकानात बसून राह्यला. बायको नाई, लेकरू नाई. भाचा दिवसातून एकदा बोले, "मामा, जरा सरका." मोंगरी तरी ओळखते का, एवढंच त्याले पाहायचं होतं. नसंन ओळखत, तर मस्करी केली म्हणून निघून जाता येईन.

नव्या माहुतानं, मिथुननं, त्याले कधी पाह्यलं नव्हतं. कय्यूमनं नाकातून पुणेरी सूर काढला, "अहो, हत्तीला गुडघे किती असतात हो?"

"दोन. मागच्या पायाले. पुढं दिसते ते मनगट."

"आणि उंदराला घाबरतो ना?"

"उंदराले काऊन भिईन? मधमाशीले भिते."

"दिवसाला पाणी किती पितो?"

"तुम्हीच पाजून पाहा न साहेब, बादली तिथी आहे!"

लोक खिदळले. पोट्टा तयार आहे, कय्यूम मनात बोल्ला.

मोंगरी एकेकाच्या हातचं केळं घेत आली. त्याच्याही हातचं घेतलं अन् पुढं सरकली. हत्तीची नजर कमजोर, हे त्याले माहीत होतं. अन् अंगाले तर चपला चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. तरी त्याले राहावलं नाई. तोंडून आपसूक आपलीच बोली निघाली, "माणूस किती वर्षं ध्यानात राह्यते गा तिच्या?"

मोंगरीचे कान ताठ झाले. ती वळली. सोंडेचं टोक त्याच्या मानेवरून, काखेतून फिरत मोडक्या खुब्यावर येऊन थांबलं. आवाज काहीच नाई. पण कय्यूमच्या छातीत काहीतरी खोल घुमलं. हत्तीची ती हाक कानाले ऐकू येत नाई, हाडाले समजते.

"चल मोंगरी, नदीवर आंघोळ," मिथुन बोल्ला. मोंगरी जागची हलली नाई. दुसऱ्यांदा बोल्ला, तरी नाई.

मिथुनचा चेहरा उतरला. "तुम्ही कय्यूमभाऊ होय न? तुम्ही गेल्यावर नऊ दिवस धड खाल्लं नाई तिनं. माह्या हातचं घ्यायले सात महिने लागले." तो हात जोडून हळूच बोल्ला, "भाऊ, आता बोलू नका. आवाज ऐकला का ती येणार नाई माह्यासंगं."

कय्यूमच्या जिभेवर तिचं नाव येऊन थांबलं. त्यानं ओठ दाबले, खुब्यावरची सोंड दोन्ही हातानं बाजूले केली अन् लंगडत फाटकाकडं निघाला. मागून मिथुननं तीनदा हाक मारली. कय्यूमनं वळून पाह्यलं नाई. मग मोंगरी नदीत उतरल्याचा, धप्पकन पाणी उडाल्याचा आवाज आला.

गोंडपिपरीच्या बसले अजून दीड तास होता.