दोघींचं दूध

अपूर्वचे जुलाब काही केल्या थांबेनात, तेव्हा चंपाबाईंनी ठरवून टाकलं की यापुढे दोन्ही लेकरांना थोरली सूनच पाजणार. अपूर्व धाकट्या सुनेचा, एकताचा. थोरल्या प्रियंकाची यशश्री त्याच्याहून थोडीशीच मोठी, पण अंगानं भरलेली. महाराजपुरातल्या त्या घरात सगळ्यांना दिसत होतं, की थोरलीचं दूध कसदार आणि धाकटीचं नुसतं पाणी. एकतानं मान खाली घालून ऐकून घेतलं.

पहिले काही दिवस प्रियंकालाही बरं वाटलं. मग तिची पाठ धरली. केस मुठीनं गळायला लागले. एक लेकरू झोपतं न झोपतं तोच दुसरं उठायचं, आणि घास तोंडात असतानाच तिचे डोळे मिटायचे. नवरा, ललित, फॅक्टरीतून आला की थकलीस का म्हणून विचारायचा. ती नाही म्हणायची. हो म्हणून तरी काय होणार होतं? एकता तिच्या वाटचे कपडे धुवायची, भांडी घासायची, आणि अपूर्व प्रियंकाच्या पदराखाली असला की त्या खोलीत यायची नाही. न्हाणीत जाऊन आपलं दूध पिळून टाकायची. हळूहळू तेही आटत चाललं.

लसीकरणाच्या दवाखान्यात विभावरी नावाच्या डॉक्टर बाळंतिणींच्या दुधावर अभ्यास करत होत्या. त्यांनी दोघींचंही दूध तपासायला मागितलं. चंपाबाईंनी आनंदानं होकार दिला. कोणाचं चांगलं, ते एकदाचं ठरेल म्हणाल्या.

पुढच्या लशीच्या वेळी डॉक्टरांनी तिघींना बसवून घेतलं. दुधात काही साखरा अशा असतात, त्या म्हणाल्या, की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाणं असतात. कोणत्या साखरा किती, हे प्रत्येक आईचं वेगळं. त्यातली एक प्रमुख साखर काही बायकांच्या दुधात जन्मजातच नसते. डिंक-मेथी खाऊन ती येत नाही. एकताच्या दुधात ती भरपूर होती. प्रियंकाच्या दुधात जवळजवळ नव्हतीच.

"मंग हिची पोरगी अशी काहून भरली?" चंपाबाईंनी विचारलं.

"कारण दोघींचंही दूध चांगलंच आहे, आई. एक साखर नसली तर दुसऱ्या असतात. यावरून कमी-जास्त ठरत नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी अपूर्वला वरचं काय देता, ते विचारलं. घुटी निघाली, चंपाबाईंनीच मटक्यातल्या पाण्यात उगाळलेली. जुलाब त्यानंच होत असतील, ती आजच बंद करा, आणि बाळाला त्याच्या आईला पाजू द्या, असं त्यांनी सांगितलं. चंपाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी येताच अपूर्व भुकेनं रडायला लागला आणि चंपाबाईंनी सवयीनं त्याला प्रियंकाच्या मांडीवर ठेवलं. प्रियंकानं त्याला उचलून एकताकडे दिलं.

"आता येतच नाही, दीदी," एकता म्हणाली.

"लावत राहा. येईल."

अपूर्वनं तोंड फिरवलं, पाय झाडले, आकांत मांडला. एकताही रडायला लागली. बाळाच्या रडण्यानं पान्हा फुटून प्रियंकाचा ब्लाउज भिजला, पण तिनं हात पुढे केला नाही.

"दीदी, तुम्हाले राग आला का? ते साखरेचं ऐकून?"

प्रियंकानं खरंच आत शोधून पाहिलं. राग नव्हता, वाईटही वाटत नव्हतं.

"मले झोप येऊन राहिली, एकता. दुसरं काहीच नाही."

बऱ्याच झटापटीनंतर अपूर्वनं आईला पकडलं. मिळत थोडंच होतं, तरी तो चोखत राहिला. आणखी कितीतरी दिवस त्याला दोघींकडेही जावं लागणार होतं. त्यानं पकडलं, हे सांगायला एकतानं मान वळवली, तर प्रियंका सतरंजीवर यशश्रीच्या बाजूला झोपून गेली होती. चंपाबाईंनी पंखा वाढवला आणि दार ओढून घेतलं.