जरा घट्ट गेलेला बार

अलाइनमेंट बार पुसायला रॉविनाने चिंधी हातात घेतली आणि तिथेच थांबली. पोलादी बारच्या टोकाला सकाळी लावलेलं ग्रीस अजून तसंच होतं. त्यावर इंजिनाच्या आतल्या दात्यांच्या खुणा उमटल्या होत्या, पण फक्त वरच्या बाजूला. खालचं ग्रीस कोणी बोटही न लावल्यासारखं गुळगुळीत होतं. खुणा चारही अंगांनी सारख्या उमटल्या तर इंजिन सरळ बसलेलं असतं. इथे ते बसलेलं नव्हतं, आणि त्या इंजिनाची बोट तर दीड तासापूर्वीच समुद्रात गेली होती.

देवबागच्या खाडीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये रॉविना बोटींची इंजिनं दुरुस्त करायची. गोव्यात एका बोटयार्डात नऊ वर्षं काम करून ती गावी परतली, तेव्हा बाईच्या हाती इंजिन द्यायला कोणी तयार नव्हतं. सर्वेशने दिलं. पर्यटकांना निवतीच्या दीपगृहाकडे डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या त्याच्या बोटीच्या मागच्या अंगातून आठवडाभर घरघर येत होती. इंजिन बोटीच्या आत, पंखा बाहेर पाण्यात, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट ज्या बेअरिंगमधून फिरतो, ते बेअरिंग गंजून गेलं होतं.

जुनं बेअरिंग काढायला तिला अख्खा दिवस लागला. नवं मात्र छान बसलं. मग शाफ्टच्या जागी बार घालून इंजिन सरळ आहे का ते बघायचं. बार हाताने सरकन आत जायला हवा. तो अर्ध्यात अडला. इंजिनाच्या पुढच्या पायाखालचं लाकूड दबलं असावं, हे तिला तेव्हाच जाणवलं होतं. ते उघडायचं म्हणजे आणखी चार तास. बाहेरून सर्वेशने विचारलं होतं, "झाला काय गो? माणसां येवन बसली हत." पहिल्याच कामात अडले म्हणून सांगायची तिला लाज वाटली. तिने बारवर लाकडी हातोडीचा एक ठोका मारला, बार आत गेला, आणि ती म्हणाली, "झाला."

आता तिने फोन लावला. लागला नाही. निवतीच्या बाजूला कधी रेंज असते, कधी नसते. सहा वेळा लावल्यावर तिच्या बोटांना इतका घाम आला की स्क्रीनवर बोट उमटेना.

शेजारी गंगारामकाका जाळं विणत बसले होते. ती धावत त्यांच्याकडे गेली. "काकानू, होडी काढा. सर्वेशची बोट परत हाडूक होयी."

त्यांनी खाडीच्या मुखाकडे पाहिलं. वारा फिरला होता, वाळूच्या पट्टीवर पांढऱ्या लाटा फुटत होत्या. "मुखार लाटो मोठ्यो आसत," ते म्हणाले.

"माका दिसतत," रॉविना म्हणाली, आणि होडीत चढली सुद्धा.

मुखातून बाहेर पडताना होडी दोनदा उभी राहिली. रॉविना कडा घट्ट धरून बसली होती, पण तिच्या डोळ्यांसमोर ही लाट नव्हतीच. तिला दिसत होता आतला शाफ्ट, तिरका फिरणारा. आधी बेअरिंग तापणार. मग शाफ्ट हेलकावे खायला लागणार आणि भोवतीच्या रबरी नळीला घासणार. ती नळीच समुद्राला बोटीबाहेर अडवून धरते. नळी फाटली की पाणी गुपचूप आत येतं, पायाला ओल लागेपर्यंत कोणाला कळतसुद्धा नाही.

भोगव्याच्या किनाऱ्यासमोर बोट दिसली. परतच येत होती, आणि जोरात येत होती. सर्वेशने हात हलवला. बोटीतली माणसं हसत होती, एक लहान मुलगी कोणाच्या तरी मांडीवर झोपली होती. पण बोटीचं मागचं अंग हातभर खाली गेलेलं होतं. तशाच वेगात ती मुखावरच्या लाटांत शिरली असती तर तिथेच पलटली असती.

रॉविना होडीत उभी राहिली, दोन्ही हात आडवे धरून. सर्वेशने वेग कमी केला. होडी बाजूला लागताच ती बोटीत उडी मारून गेली. "बंद कर, सर्वेश. आत्ताच्या आत्ता."

तिने इंजिनावरचं झाकण उचललं. आत गुडघाभर काळं पाणी होतं, आणि जळक्या रबराचा वास. पाणी बाहेर फेकणारा पंप चालू होता, पण पुरा पडत नव्हता.

"ताई, बुडणार का आपण?" मुलीला घेऊन बसलेल्या बाईने विचारलं. माणसं सांगलीकडची होती.

"सगळे पुढे जा. अगदी नाकाशी, हळूहळू, दाटीने बसा," रॉविना म्हणाली. अकरा माणसं पुढे सरकली तशी बोट नाकावर झुकली आणि मागचं अंग थोडं वर आलं. तिने अंगावरची ओढणी बोटीवरच्या ग्रीसच्या डब्यात बुडवली, पाण्यात छातीपर्यंत वाकली आणि शाफ्टभोवतीच्या फटीत ओढणी ठासू लागली. पाण्याची धार मनगटावर थंड लागत होती. ती मोजत राहिली, किती बोटं पाणी कमी झालं. बराच वेळ काहीच कमी झालं नाही. मग अर्धं बोट झालं.

मागून सर्वेश बादलीने पाणी उपसत होता. त्याने विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "बार घट्ट गेल्लो. ह्या माका सकाळीच ठावक होता. मी तुका सांगूक नाय."

बादली थांबली. "पोरां आसत बोटीत, रॉविना," तो एवढंच म्हणाला आणि पुन्हा उपसू लागला.

गंगारामकाकांनी माणसं दोन खेपांत भोगव्याच्या किनाऱ्यावर सोडली आणि भरतीची वाट पाहून बोट दोरीला बांधून खाडीत आणली. झोपलेल्या मुलीला शेवटपर्यंत जाग आली नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वेश येणार नाही असंच रॉविनाने धरलं होतं. तो आला आणि बोटीच्या कडेला बसून तिचं काम बघत राहिला. तिने दबलेलं लाकूड काढून नवं घातलं, दुसरं बेअरिंग आणि नळी बसवली, इंजिनाच्या पुढच्या पायाचा बोल्ट अर्धा फेरा, पाव फेरा फिरवत तो वर घेतला. बार दोन बोटांनी ढकलला तरी सरकन आत गेला. ग्रीसवरच्या खुणा तिने सर्वेशला दाखवल्या, त्याने नीट पाहिल्या. तरी तिने बार काढून पुन्हा घातला, मग पुन्हा.

"तू येतंस माझ्यावांगडा," सर्वेश म्हणाला. ते विचारणं नव्हतं.

दोघंच निघाले. रॉविना इंजिनाच्या झाकणावर कान टेकून बसली. आवाज स्वच्छ होता, पण आपण ऐकतोय ते खरं की आपल्याला हवं ते, हे तिला कळेना. मुखाशी सर्वेशने बोट हळू केली आणि वळून तिच्याकडे पाहिलं.

तिने झाकण उघडून आत हात घातला, तळाशी चाचपून पाहिलं. तळ कोरडा होता. मग तिने होकारार्थी मान हलवली.