चौकटींचं पान

सुकेशनी इंझोरी गावची. लहानपणी तापात तिचे डोळे गेले. शिकली, आणि वाशिमच्या एका कॉलेजात टेलिफोनवर लागली. तिच्या टेबलावर संगणक होता आणि त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. कानाला हेडफोन लावून ती सूचना, निकाल, तारखा ऐकायची आणि फोन करणाऱ्याला सांगायची. सुट्टीच्या दिवसाखेरीज तिची खुर्ची कधी रिकामी नसे.

कॉलेजला नवी वेबसाईट हवी होती. संस्थेचे सचिव जगदेवराव यांनी पुतण्याला, हरीओमला, ती करायला सांगितली. प्राचार्यांनी मात्र कॉलेजचाच जुना विद्यार्थी प्रसेनजित याच्याकडूनही एक नमुना मागवला. प्रसेनजित सुकेशनीच्याच गावचा, तिला ताई म्हणणारा, आता हेच काम करून पोट भरणारा.

दोन्ही नमुने संस्थेच्या बैठकीत भिंतीवर दाखवले. दिसायला फरक थोडा. हरीओमनं पानावर टेबल, म्हणजे चौकटींचा तक्ता, आखून मजकुराचे तुकडे खणाखणांत बसवले होते. प्रसेनजितनं मजकूर सलग लिहिला होता. काय डावीकडे दिसावं, काय उजवीकडे, हे सगळं वेगळ्या फाईलीत, स्टाईलशीटमध्ये ठेवलं होतं. त्याचा काय फायदा, असं जगदेवरावांनी विचारलं. प्रसेनजित म्हणाला, सुकेशनीताईंना दोन्ही ऐकू द्या, मग कळेल.

तिला वर बोलावलं. हेडफोन काढून स्पीकर लावला. प्रसेनजितचं पान मशीननं नीट वाचलं: आधी अभिनंदन, मग शोकवार्ता, मग प्रवेशाच्या सूचना.

मग हरीओमचं लावलं. त्यात अभिनंदन आणि शोकवार्ता शेजारी शेजारी होत्या, आणि मशीन आडव्या ओळीनं वाचत गेलं.

“अभिनंदन. शोकवार्ता. कुमारी वैष्णवी. ग्रंथपाल ग्यानबा. विद्यापीठात दुसरी. दीर्घ आजाराने निधन.”

पहिल्यांदा कोणीतरी खोकल्यासारखं केलं. मग सगळी बैठक हसली. हसून हसून जगदेवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“परत लाव बरं,” ते म्हणाले.

सुकेशनीला वाटलं, नीट ऐकून घ्यायचं असेल. तिनं परत लावलं. या वेळी ‘निधन’ शब्दाच्या आधीच हशा झाला. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा तिला कळलं. तरी तिनं लावलं, कारण सांगणारे सचिव होते.

प्रसेनजित समजावू लागला की सलग मजकूर मोबाईलवरही नीट बसतो, उद्या बदल करायचा तर एकाच फाईलीत होतो. जगदेवरावांनी त्याला हातानंच थांबवलं.

“मले चौकटीचंच पसंत हाय. छापील माहितीपत्रकासारखं दिसते. एका बाईसाठी का साईट बनवाची आता?”

ठरलं. चौकटींचं पान लागलं.

त्यानंतर सुकेशनीचं काम दुपटीनं वाढलं. एक तारीख शोधायला तिला अख्खं पान ऐकावं लागे, आणि तरी ती तारीख बीएची की बीकॉमची हे कळत नसे. मग ती शेजारच्या मंजुषाला विचारायची. मंजुषा कारकून, मनानं वाईट नव्हती, पण तिच्याकडेही रांग असायची. ती कधी सांगायची, कधी म्हणायची, थांब जरा. शिवाय जगदेवरावांकडे कोणी पाहुणे आले की ते त्यांना टेलिफोनच्या टेबलाशी आणायचे. “आयकव ते निधनवालं.” पाहुणे हसायचे. जाताना एखादा तिच्या डोक्यावर हात ठेवायचा.

पावसाळा संपता संपता कॉलेजच्या तपासणीचं पथक येणार असल्याचं कळलं. अंध व्यक्तीला वेबसाईट वापरता येते का, हेही ते बघणार होतं. जगदेवरावांनी प्रसेनजितला फोन केला. तुझं पान तयारच हाय, त्या दिवसापुरतं लाव, म्हणाले. फोटो आणि त्याखालची वाक्यं हरीओमच्या पानातून जशीच्या तशी घ्यायला सांगितली.

प्रसेनजित सुकेशनीकडे आला. त्याला नाही म्हणायचं होतं.

“लाव,” ती म्हणाली. “एक दिवस त नीट आयकू येईन मले.”

पथक आलं. सुकेशनी संगणकासमोर बसली. मशीन एकेक मथळा सांगत होतं आणि ती भराभर पुढे जात होती. प्रवेश, परीक्षा, वसतिगृह. पथकातल्या बाईंनी कौतुकानं हुंकार दिला. सुकेशनीलाही बरं वाटत होतं. किती सोपं होतं हे, असं तिच्या मनात येत होतं. प्रसेनजितनं प्रत्येक फोटोला त्यात काय आहे ते लिहून ठेवलं होतं, त्यामुळे मशीन फोटोही सांगत होतं. ग्रंथालय. क्रीडांगण. आणि मग:

“छायाचित्र. टेलिफोनजवळ बसलेल्या सुकेशनीताई. एका अभागी भगिनीला संस्थेचा आधार.”

तिची बोटं थांबली. फोटो तिला आठवला. ओळखपत्रासाठी म्हणून हरीओमनं काढला होता. इतके महिने तिचा फोटो या पानावर होता. पाहुणे, विद्यार्थी, तिचे गावचे लोक, सगळ्यांनी पाहिला होता. हरीओमच्या पानात खालचं वाक्यही फोटोतच छापलेलं होतं, त्यामुळे त्या जागी मशीन नुसतं ‘इमेज’ म्हणायचं आणि पुढे जायचं.

मागे टाळ्या वाजल्या. जगदेवरावांनी तिला शाल दिली. तिनं घेतली.

प्रसेनजितला बाहेर गाठून तिनं विचारलं.

“तुले माहीत नव्हतं?” तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. “मले वाटलं, तुले इचारूनच टाकला असन.”

दुसऱ्या दिवशी चौकटींचं पान परत लागलं. सुकेशनी हरीओमकडे गेली आणि फोटो काढायला सांगितला. त्यानं पान उघडून पाहिलं. तो खण काढला तर आजूबाजूचे सगळे सरकतात, सारं पान परत आखावं लागते, तो म्हणाला. तितका वेळ नाही. ती जगदेवरावांकडे गेली.

ते कागदावर सह्या करत होते.

“तुले त दिसत नाही,” ते म्हणाले. “मंग तुले काय तरास होऊन राह्यला?”

ते चिडले नव्हते. खरंच विचारत होते. सुकेशनी बोलायला लागली, तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी आत बोलावलं.

ती जागेवर आली. फोन वाजत होता. अनसिंग गावचा एक बाप होता, मुलीच्या प्रवेशाची शेवटची तारीख विचारत होता. मंजुषा जागेवर नव्हती. सुकेशनीनं पान लावलं, दोन तारखा ऐकल्या, पुन्हा पहिल्यापासून लावलं. पलीकडे तो माणूस चिडला. बसल्या जागी एवढं सांगता येत नाही तर तुमाले ठेवलं कायले, म्हणाला.

“वेबसाईटवर पाहून घ्या,” सुकेशनी म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.