मी भाकरी थापत असताना

आमच्या घरात एक नियम आहे, आणि तो माझाच. मी कडक भाकऱ्या थापायला बसले की स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही. पोरं लहान होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्या दिवसांत माझं डोकं फिरलं की मी ज्वारीचं पीठ मळायला घ्यायचे. कुणी डोकावलं की अशी खेकसायचे की शेजारची मल्लव्वासुद्धा दचकायची. हात दुखेपर्यंत थापलं की बरं वाटायचं. हळूहळू सगळे शहाणे झाले. थपथप ऐकू आली की शिवानी धाकट्या शिवूला सांगायची, "अव्वा भाकरी करायलीय, आत जाऊ नको."

गेल्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीतली गाठ तपासली. "सोमवारी सुईने तुकडा काढू. येताना घरचं कुणीतरी घेऊन या," म्हणाल्या. म्हणजे दोन दिवसांत घरी सांगायचं होतं. एवढंच. पण सांगायची सवय कुठे आहे मला? जीभच रेटेना.

शनिवारी संध्याकाळी थापायला बसले, मुद्दाम जोरात. कुणीतरी यावं, विचारावं, असं फार वाटत होतं. बाहेर टीव्हीचा आवाज बारीक झाला. माझी माणसं गुणाची. मला त्रास नको म्हणून चपला हातात घेऊन चालतील. वीस भाकऱ्या झाल्या. इतकं एकटं मला सासूबाई गेल्या तेव्हाही वाटलं नव्हतं.

मग दारात शिवानी आली. सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला. "अव्वा, काय झालंय का? लई वेळ थापायलीस की."

हेच तर हवं होतं. आणि माझ्या तोंडातून काय निघावं? "हितं काय काम हाय तुझं? दिसत न्हाय का, तवा तापलाय!"

ती आल्या पावली परत गेली. बाहेर वडिलांना सांगताना ऐकू आलं, "आप्पा, आत्ता नको. तिला जरा एकटं राहू दे."

"बरं," हे म्हणाले.

सोमवारी मी रिक्षाने एकटीच गेले. नर्सने विचारलं, "नीलम्मा तुम्हीच ना? सोबत कोण आलंय, मावशी?"

"कुणाला वेळ नाही हो," मी म्हणाले.

साफ खोटं. एक शब्द बोलले असते तर ह्यांनी दुकानाचं शटर ओढलं असतं, शिवानीने रजा टाकली असती, शिवू पुण्याहून पहिली गाडी पकडून आला असता. मला ते पक्कं माहीत होतं, आणि दवाखान्याच्या बाकावर बसून मला त्याचंच रडू येत होतं.