झेलिया रॉबिशोचा खरा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. किती जुना ते विचारू नका. सिनेमावाल्यांनी विचारलं होतं, आणि नीट पाहून झाल्यावर त्यांना मी पुरेसा जुना वाटलो नाही. त्या अपमानाबद्दल पुढे सांगेनच.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. माझ्या तोंडाला जाळी आहे, जुन्या मोटारीच्या नाकाला असते तशी. जन्मल्यावर एका गृहस्थाने मला तोंडाजवळ धरलं आणि "एक, दोन, एक, दोन" म्हटलं. शेजारच्या माइकलाही तेच सांगितलं. माणसांना दोनच्या पुढे मोजता येत नाही, असा माझा त्यानंतर बरीच वर्षं समज होता.

तिथून मी खाली न्यू ऑर्लिन्सला आलो. ट्रेमे मोहल्ल्यात 'निळा पेलिकन' नावाचा एक क्लब होता. त्याचं छत गळायचं आणि पियानोच्या काही पट्ट्या मुक्या होत्या. पण तिथे झेलिया रॉबिशो जॅझ गायची. गाण्याआधी ती बोटातली अंगठी माझ्या जाळीवर दोनदा वाजवायची आणि हळूच विचारायची, "जागा आहेस ना?" मग गायची. तिचा आवाज कसा होता, हे मला सांगता येत नाही. माझं काम ऐकण्याचं. सांगण्याचं काम तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या भोंग्याचं होतं, आणि तो भोंगा आता हयात नाही.

पुढे क्लेबर्न रस्त्यावरची ओकची झाडं तोडली आणि त्यांच्या जागी डोक्यावरून जाणारा मोठा रस्ता बांधला. झाडांखाली बसणारी माणसं गेली, त्यांच्यामागून क्लबही गेला. निघताना मालकाने मला झेलियाच्या हातात दिलं. "तूच घेऊन जा याला. तुझी थुंकी खाऊनच मोठा झालाय."

तिने मला स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवलं. आमच्याकडे सोमवारी घरोघरी राजमा शिजतो. तो चुलीवर ठेवून झेलिया तासन्तास ढवळत राही आणि गात राही. मुख्यतः एकच गाणं. तिच्या आईचं होतं ते. क्लबात ते तिने कधी गायलं नाही, कुठे ध्वनिमुद्रितही केलं नाही. गाण्याआधी ती फळीपर्यंत हात उंचावून डावाची मूठ माझ्यावर दोनदा वाजवी. माझी तार कशालाच जोडलेली नव्हती. तरी मी मन लावून ऐकायचो.

मग एक मोठं वादळ आलं आणि शहरात पाणी शिरलं. तिच्या आवाजाच्या काही फिती रेडिओ केंद्राच्या तळमजल्यावर होत्या. त्या विरघळल्या. पाणी आमच्या फळीपर्यंतही आलं. ओसरल्यावर झेलियाने मला जोडे आणि पातेल्यांबरोबर पडवीत उन्हाला ठेवलं. जोडे वाळले, पातेली वाळली. मी आतून वाळलोच नाही. आता झेलियाचा आवाज फक्त झेलियाच्या गळ्यात उरला होता, आणि तो गळा म्हातारा होत चालला होता.

मित्रांनो, अशा वेळी सिनेमावाले आले.

दिग्दर्शकाचं नाव टकर. कॅलिफोर्नियाचा, पोरगेलासा, फार नम्र. सोमवारीच आला. दोन ताटं राजमा-भात खाऊन झाल्यावर त्याने चमचा खाली ठेवला.

"मॅडम, तुमच्या आयुष्यावरचा सिनेमा जवळजवळ तयार आहे. शेवटी तुम्ही जाता."

"कुठे?"

"म्हणजे... वारता."

झेलियाने ढवळणं थांबवलं नाही. "कधी?"

"ओकची झाडं तोडली त्या वर्षी. झाडं पडतात, तुम्हीही पडता. फार सुंदर जमलंय."

"त्या वर्षी मला गालगुंड झालं होतं."

"मॅडम, लोक रुमाल काढून बसलेले असणार. त्यांना गालगुंड कसं दाखवू?"

"बरं. आणि गाणार कोण?"

"लॉस एंजेलिसची एक मुलगी आहे. फार गोड आवाज."

"अरे बाळा, मी जिवंत आहे."

"तीच तर अडचण आहे," टकर मनापासून म्हणाला.

झेलिया ढवळत राहिली. तिच्या गल्लीतल्या चाळिशीच्या आतल्या कुणीही तिचं गाणं ऐकलेलं नव्हतं. तिला ते माहीत होतं, आणि मलाही.

"मरते मी," ती शेवटी म्हणाली. "पण शेवटचं गाणं माझं. माझ्या गळ्याचं. माझ्या आईचं गाणं गाणार मी, तुझ्या सिनेमातल्या त्या दफनभूमीच्या फाटकाशी उभी राहून."

टकरने छातीवर हात ठेवून कबूल केलं. सिनेमातल्या अंत्ययात्रेच्या एका दिवसासाठी आवाज टिपणारी गाडी भाड्याने येणार होती. त्या दिवसापुरता रस्ताही मिळाला होता. शवपेटी फाटकातून आत गेली की सगळे गप्प होतील आणि झेलिया गाईल, असं ठरलं.

त्याच सोमवारी सिनेमाच्या सामानाची जमवाजमव करणारी बाई मला पाहायला आली. तिने मला उलटंसुलटं केलं. "हा फारच साधा दिसतो. आणि गंज खोटा वाटतोय." मग त्यांनी माझ्यासारखा दुसरा माइक बनवला आणि त्याला रंगाने गंज चढवला. चित्रीकरणात त्या माइकला बसायला नाव लिहिलेली खुर्ची होती. मी झेलियाच्या मांडीवर बसलो.

आमच्याकडे माणूस गेलं की बँड लावून नेतात. जाताना संथ, रडवेलं वाजवायचं. छोट्या ढोलाच्या पोटाखाली तारा असतात, त्यांत रुमाल कोंबायचा, म्हणजे ढोलही गळा दाटल्यासारखा बोलतो. देह आत गेला की रुमाल ओढून काढायचा. मग ट्रम्पेट उसळतं आणि सगळी गल्ली छत्र्या नाचवत परत फिरते. देहाला मोकळं करणं म्हणतात त्याला. ते अर्धवट सोडून कुणी घरी जात नाही.

बँडचा म्होरक्या होता अल्सीद, झेलियाचा शेजारी. पेलिकनमध्ये तिच्यामागे ट्रम्पेट वाजवायचा. "झेली, मेलीस की तुला मीच नेणार," असं तो तिला निम्मं आयुष्य बजावत आला होता. "तू आधी खपशील मेल्या, ते पोट बघ," असं ती निम्मं आयुष्य उत्तर देत आली होती.

चित्रीकरणाच्या सकाळी ऊन छान पडलं होतं, म्हणून टकर म्हणाला, "नाच आधी घेऊ. रडणं जेवणानंतर."

अल्सीदने ट्रम्पेट खाली केलं. "आधी रडायचं असतं, साहेब."

"संपादनात उलटं करू."

"मेलेल्याला संपादन कळत नाही."

शेवटी पेटी अजून गाडीतून उतरलेली नाही, म्हणजे ही नुसती वरात, अशी मनाची समजूत घालून अल्सीदने नाच वाजवून दिला. तसा बरा झाला. सगळे हसले, जेवले.

दुपारी पेटी उतरली. काळ्या घोड्यांच्या गाडीवर ती चढवली आणि पुढे झेलियाचा तरुणपणीचा फोटो लावला. ढोलात रुमाल कोंबला. बँड संथ चालू लागला आणि मित्रांनो, त्यानंतर काहीतरी बिघडलं. किंवा सुधारलं म्हणा. ज्या लोकांना गर्दीत चालायला बोलावलं होतं, ते खरंच रडू लागले. रस्त्याकडेच्या घरांतल्या बाया खरकट्या हातांनी बाहेर आल्या. एक म्हणाली, "अगबाई, झेलिया गेली?" आणि झेलियालाच धरून रडली. झेलियाने तिला थोपटलं.

फाटकाशी आवाजाच्या गाडीला जोडलेला नवा चकचकीत माइक उभा केला होता. झेलिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला तिने बगलेत धरलं होतं. पेटी आत गेली. टकरने हात वर केला. सगळीकडे शांत झालं. झेलियाने अंगठी त्या नव्या माइकवर दोनदा वाजवली.

"जागा आहेस ना?" तिने विचारलं.

तिकडे अल्सीद पुढे उभा होता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. देह आत गेलेला त्याने पाहिला. सांगितलेलं सगळं तो विसरला. आयुष्यभर जो हात अशा वेळी वर जात आला होता, तो वर गेला. ढोलवाल्याने रुमाल ओढला. ट्रम्पेट उसळलं.

"थांबा! थांबा!" टकर ओरडत धावला. कोण थांबणार? सकाळी नाचलेले आता खरं नाचत होते. छत्र्या उघडल्या. स्वयंपाक टाकून आलेल्या बाया नाचल्या. चहा देणारा माणूस किटलीसकट नाचत वळणाआड गेला.

झेलिया गात होती. पूर्ण गायली ती, एक ओळ गाळली नाही. गाऊन झाल्यावर आवाजवाल्याने कानांवरचे गोळे काढले आणि मान हलवली. "नुसतं ट्रम्पेट आलंय."

"परत घेऊ," टकर म्हणाला. पण बँड मोहल्ल्यात फिरत राहिला. आता इकडून ऐकू यायचा, आता तिकडून. ऊन उतरलं. रस्ता मोकळा करायला पोलीस आले. आवाजाची गाडी निघून गेली, पुन्हा न येण्यासाठी.

घामाने निथळत अल्सीद परत आला. असा आनंदी मी त्याला कधी पाहिला नव्हता. "झेली! काय नेलं तुला! अख्खं ट्रेमे नाचलं गं!"

झेलियाने त्याच्याकडे पाहिलं. "झकास नेलंस," ती म्हणाली.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही तिघे गेलो. शेवटी पेटी फाटकातून आत गेली आणि लॉस एंजेलिसची मुलगी गाऊ लागली. फार गोड आवाज होता. दिवे लागले तसं अल्सीदने विचारलं, "झेली, तुझं गाणं कुठाय?"

"तू वाजवत होतास ना, तेव्हा झालं."

घरी येताना अल्सीद आपल्याच गल्लीचं वळण चुकला.

पुढे पेलिकनच्या जागेवर पितळी पाटी लागली. त्यावर झेलियाचं नाव आणि मृत्यूचं साल म्हणून ओकची झाडं तोडली ते साल. बाजारहाट करून येताना ती त्या पाटीखाली पिशवी टेकवून दम खायची. एकदा एका मुलीने तिला थांबवलं. "तुम्ही अगदी त्या मेलेल्या गायिकेसारख्या दिसता!" झेलिया म्हणाली, "लोक म्हणतात खरं." सोमवारचं गाणं तिने बंद केलं. राजमा मुकाट्याने शिजू लागला. मी फळीवर कान देऊन बसायचो. झेलियाने माझ्यावर पुन्हा काही वाजवलं नाही.

मग ती खरोखर गेली. माणसं थोडी आली. काहींना वाटलं, दुसरा भाग काढतायत. एकाने कॅमेरा कुठे आहे ते विचारलं. बँडमध्ये अल्सीद आणि मोजकेच म्हातारे होते. संथ वाजवत ते फाटकाशी आले. पेटी आत गेली. ढोलवाल्याने रुमालाला हात घातला आणि अल्सीदच्या हाताकडे पाहिलं.

हात वर गेला नाही. सकाळी झेलियाच्या फळीवरून उचललेल्या मला अल्सीदने कोटाच्या खिशातून काढलं, माझ्या जाळीवर नखाने दोनदा वाजवलं आणि मला फाटकाच्या दिशेने धरलं.

"अल्सीद, वाजवायचं ना?" ढोलवाला कुजबुजला.

"गप. झेलीचं चालू आहे."

एका गाण्याला लागतो तेवढा वेळ सगळे उभे राहिले. मित्रांनो, मी माइक आहे, मला खोटं बोलता येत नाही. काहीही ऐकू आलं नाही. डोक्यावरच्या रस्त्याने गाड्या जात होत्या, त्या ऐकू आल्या.

नंतर अल्सीद ट्रम्पेट काखेत मारून घरी गेला. ढोलातला रुमाल तसाच राहिला.

रंगवलेल्या गंजाचा माझा भाऊ आता एका संग्रहालयात काचेमागे आहे. 'झेलिया रॉबिशो यांचा मूळ माइक' अशी त्याच्याखाली पाटी आहे. मी अल्सीदच्या खिडकीत असतो. ती उघडी राहावी म्हणून त्याने मला फटीत अडकवलंय. मला पुसा, काचेत ठेवा, असं माझं काही म्हणणं नाही. माझं आता काही होणार नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी भाजी ढवळताना गात असेल, तर हातातलं वाजवणं क्षणभर थांबवा. दाराशी उभे राहा आणि संपेपर्यंत ऐका. ऐकायला माइक लागत नाही.